फुटपाथला रिम घासली? आधी टायर बघा, रंगाचं नंतर

गाडी लावताना डावीकडून खर्रर्र असा आवाज आला की कोणाच्याही पोटात गोळा येतो. माणूस उतरतो, वाकून बघतो आणि अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमच्या, कडेला पांढरा चरा दिसला की तिथेच हळहळत बसतो, मग फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, पेंटला किती लागतील विचारायचं, असं सगळं सुरू होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की तो चरा महिनाभर तसाच राहिला तरी गाडी अडत नाही, पण त्याच धक्क्यात टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, आतून मार बसला असेल तर तो चार दिवसांनी एक्सप्रेसवेवर भर स्पीडमध्ये कळतो, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी टायर, मग रिमची आतली बाजू, मग स्टिअरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

मुळात रिम घासते कशी ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं ना, त्यातला ५५ म्हणजे टायरच्या रुंदीच्या ५५ टक्के उंची, म्हणजे साइडवॉल साधारण १०७ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ घेतला तर १२० मिलिमीटर. आता त्यातून गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो आणि रिमची कड टायरवर खाली उतरलेली असते ती वजा करा, म्हणजे रिमची खालची कड जमिनीपासून १० सेंटीमीटरच्याही आत येते. आणि फुटपाथ? इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या गाईडलाइनमध्ये फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे, म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला फुटपाथसुद्धा रिमच्या कडेपेक्षा उंचच. मध्ये वाचवायला असतो तो फक्त टायरचा बाहेर आलेला फुगवटा. टायर जितका बुटका तितका हा फुगवटा कमी, म्हणून टॉप मॉडेलच्या मोठ्या अलॉयवाल्या गाड्यांच्या रिम जास्त खरचटलेल्या दिसतात आणि बेस मॉडेलची साधी स्टीलची रिम वर्षानुवर्षं तशीच असते.

आवाज आल्या आल्या काय करायचं

पहिली गोष्ट म्हणजे तिथल्या तिथे जोरात स्टिअरिंग फिरवून गाडी सोडवायला जाऊ नका. चाक कडेला टेकलेलं असताना स्टिअरिंग कापलं की साइडवॉल त्या दगडावर रगडली जाते आणि जिथे नुसता ओरखडा होता तिथे टवका उडतो. ज्या दिशेने टेकलात त्याच्या उलट दिशेला, स्टिअरिंग जसं आहे तसंच ठेवून हळू गाडी मागे किंवा पुढे घ्या, चाक सुटलं की मग काय वळवायचं ते वळवा.

मग हॅझर्ड लावून उतरा, आणि रस्ता वाहता असेल तर आधी गाडी बाजूला सुरक्षित जागी न्या आणि मग बघा. चाकाजवळ कान नेऊन हवा जातानाचा फस्स आवाज येतोय का ऐका. साइडवॉलवर हात फिरवा, पूर्ण गोल, कारण मार लागलेला भाग नेमका खाली जमिनीकडे गेलेला असतो, तो बघायला गाडी अर्धं चाक पुढे घ्यावी लागते आणि हे बहुतेक जण करत नाहीत. रबराचा नुसता वरचा पापुद्रा निघाला असेल, कंपनीचं नाव लिहिलेलं घासून गेलं असेल, तर घाबरू नका. चिरेच्या आत दोऱ्यासारखं काही दिसत असेल तर मात्र ते चाक चालवायचं नाही, तिथेच स्टेपनी लावायची.

हा दोरा म्हणजे काय ते सांगतो. कारच्या रेडियल टायरमध्ये स्टीलचे पट्टे असतात ते फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली. बाजूच्या भिंतीत स्टील नसतं, तिथे पॉलिएस्टरसारख्या धाग्यांचा थर असतो आणि हवेचा सगळा दाब तो धागाच पेलतो. फुटपाथच्या कडेवर जोरात आपटलं की साइडवॉल एका बाजूने दगड आणि दुसऱ्या बाजूने रिम यांच्यात चिमटली जाते, आणि बाहेरून रबर धडधाकट दिसत असलं तरी आत काही धागे तुटतात. मग तिथे हवा रबराला बाहेर ढकलते आणि फुगा येतो. टायरवाले यालाच टायरने पोट काढलं म्हणतात. हा फुगा लगेच येईलच असं नाही, कधी दुसऱ्या दिवशी येतो, कधी आठवडाभराने. आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही म्हणजे नाहीच. कोणी पॅच मारून देतो म्हणाला, आतून व्हल्कनाइज करून देतो म्हणाला, तरी नको. पंक्चर काढायची जागा ही फक्त मधला, रस्त्याला टेकणारा भाग, तिथेही साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक. साइडवॉलची कुठलीच दुरुस्ती धरून चालायचं नाही.

म्हणून घासल्यानंतर त्या दिवशी हवेचा दाब मोजून लिहून ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर किती पाहिजे ते असतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना परत मोजा. टायर तापलेला असताना दाब जास्त दाखवतो, त्यामुळे संध्याकाळी गरम आणि सकाळी गार अशी तुलना केली तर दोन-तीन पीएसआयचा फरक उगाच दिसेल, तेवढ्यावरून घाबरू नका, तिसऱ्या दिवशी सकाळी परत बघा आणि गारची तुलना गारशी करा. रोज थोडा थोडा उतरत असेल तर साबणाचं पाणी करून रिम आणि टायर जिथे मिळतात त्या गोलावर आणि व्हॉल्व्हवर टाका, जिथे बारीक फेस वर येत राहील तिथून हवा जातेय.

आता रिमची आतली बाजू. बाहेरची कड सगळे बघतात, आतली कोणी बघत नाही, आणि जोरात आपटलं असेल तर वाकते बऱ्याचदा आतलीच. मोबाईलचा फ्लॅश लावून हात चाकाच्या मागे घाला आणि व्हिडिओ काढा, हे सगळ्यात सोपं. कुठे कड दबलेली, आत गेलेली, चीर गेलेली दिसते का बघा. स्टीलची रिम मऊ असते, ती वाकते, आणि ती ठोकून सरळही होते. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन वगैरे मिसळून ओतलेला धातू, तो थोडा वाकतो आणि मग तडकतो.

शेवटी गाडी चालवून बघा. सरळ रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड थोडी सैल केली तर गाडी एका बाजूला ओढते का, सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं दिसतं का. असं असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बिघडलीय, आणि ती नुसती मशीनवर जुळवून घेण्याआधी टाय रॉड आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला जोडलेले खालचे दांडे, वाकलेत का ते लिफ्टवर बघायला सांगा, कारण वाकलेल्या पार्टवर केलेली अलाइनमेंट पंधरा दिवसांत परत जाते आणि टायर एका बाजूने झिजतो. ८०-१००च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग गेलंय किंवा रिम वाकलीय, ते बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं की समोरच दिसतं, कड लहरत जाते. तिथे उभे राहून स्वतः बघा, नुसती वजनं चिकटवून घेऊन घरी येऊ नका.

तुमची रिम कुठली ते ओळखा

रंगाकडे वळायच्या आधी हे ठरवणं फार गरजेचं आहे, कारण इथे चुकलं की चांगली रिम खराब होते. स्टीलची रिम आणि त्यावर प्लास्टिकचा व्हील कव्हर असेल तर प्रश्नच नाही, कव्हर घासलं तर नवीन कव्हर आणायचं, स्टीलला गंज धरू नये म्हणून घासून रेड ऑक्साइड आणि वर सिल्व्हर किंवा काळा मारायचा, झालं.

पूर्ण एका रंगात पेंट केलेली अलॉय असेल, सिल्व्हर, ग्रे, काळी, तर घरी नीट करता येते.

आणि तिसरी म्हणजे डायमंड कट. आतून काळी आणि समोरचा भाग आरशासारखा चकाकणारा, जवळून बघितलं तर रेकॉर्डवर असतात तशा अगदी बारीक गोल रेघा दिसतात, त्या लेथवर टर्निंग केल्याच्या रेघा असतात. तो चकाकणारा भाग रंग नाहीये, उघडं ॲल्युमिनियम आहे आणि वर फक्त क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, पातळ थर. याला घरी पॉलिश पेपर लावला की त्या रेघा गेल्या, आणि कितीही सिल्व्हर मारला तरी तो डाग वेगळाच दिसत राहणार. डायमंड कट परत करायची तर सीएनसी लेथवरच, आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो म्हणून हे कितीही वेळा करता येत नाही. माझं मत विचाराल तर चरा छोटा असेल तर तो तसाच ठेवा, फक्त बंद करा. स्वच्छ धुवून, कोरडं करून, स्पिरिटने पुसून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. हसू नका, चालतं. उघड्या ॲल्युमिनियमवर पाणी आणि मीठ बसलं की क्लिअर कोटच्या खालून पांढरी बुरशीसारखी रेघ पसरायला लागते, आणि मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत ती लवकर पसरते. नेलपॉलिश तेवढं थांबवतं, बाकी दिसायला आहे तेच राहील.

घरी रंगवायची असेल तर

दोन कोरडे दिवस निवडा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत क्लिअर कोटवर दुधासारखा पांढुरका थर येतो आणि मग सगळं परत घासावं लागतं. भर उन्हातही नको, रिम तापलेली असली तर रंग बसायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत होतो. सावलीत, वारा नसलेल्या पण मोकळ्या जागेत, सकाळी उशिरा सुरू केलेलं बरं.

चाक काढून केलं तर काम चांगलं होतं. सपाट जागा, हँडब्रेक, काढायच्या चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड, आणि नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक. चाक काढून तासन् तास गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, स्टेपनी लावून गाडी खाली घ्या आणि मग निवांत बसा.

चाक शाम्पूने धुवा, ब्रश मारा. काही जण काळपट ब्रेकची धूळ निघावी म्हणून टॉयलेट क्लीनर लावतात, कृपा करून लावू नका, त्यातलं ॲसिड उघड्या ॲल्युमिनियमला खातं. कोरडं झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टायरवर लावलेलं डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर शाइन कडेला उरलेलं असतं, त्यात सिलिकॉन असतं आणि त्याच्या एका थेंबावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. म्हणून दोनदा पुसा, दर वेळी नवीन फडकं.

आता घासायचं. चऱ्याच्या कडेला धातूचे काटे उभे राहिलेले असतात, ते आधी बारीक कानशीने हलक्या हाताने उतरवा. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, मग ४०० आणि शेवटी ६०० किंवा ८००चा वॉटर पेपर पाणी लावून. पेपर लाकडाच्या छोट्या तुकड्याला किंवा जुन्या खोडरबराला गुंडाळून धरा, नुसत्या बोटाने घासलं तर खड्डा पडतो. चऱ्यापुरतंच घासून थांबायचं नाही, आजूबाजूचा चांगला रंगसुद्धा दोन-तीन सेंटीमीटर उतरता घासत न्यायचा, म्हणजे जुना रंग आणि उघडा धातू यांच्यामध्ये पायरी राहणार नाही. पायरी आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं. डोळे मिटून बोट फिरवा, कुठे अडलं तर अजून घासायचंय. घाई इथेच होते आणि इथे केलेली घाई ग्लॉस मारल्यावर दहापट दिसते.

खोल टवका असेल, नखाला सरळ खड्डा लागत असेल, तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. लाकडाला किंवा भिंतीला लावतात ती नाही, धातूची भुकटी असलेली इपॉक्सी पुट्टी किंवा गॅरेजमध्ये वापरतात तो दोन भागांचा बॉडी फिलर. थोडी वर भरायची, पूर्ण कडक झाली की परत २४० पासून घासत खाली आणायची. पण हे फक्त बाहेरच्या कडेवर. टायर जिथे रिमवर बसतो तिथे, नटच्या बसण्याच्या जागी, आणि चिरेवर लांबी भरायची नाही. लांबी भरून चीर झाकलेली रिम म्हणजे धोका लपवलेली रिम.

झाकाझाकीसाठी एक युक्ती. जुन्या लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्ड घ्या, आणि टायर आणि रिमच्या मधल्या खाचेत एकाशेजारी एक अशी थोडी एकमेकांवर चढवून गोल खोचत जा. टायर पूर्ण झाकला जातो आणि रिमची कड शेवटच्या मिलिमीटरपर्यंत उघडी राहते, टेपने असं कधीच जमत नाही. व्हॉल्व्ह, नटची भोकं आणि चाकाची मागची सपाट बाजू, जी हबला टेकते, हे मात्र टेपने नीट झाका. तिथे रंगाचा थर बसला तर नट टाईट केल्यावर रंग दबतो आणि नट सैल पडतात. आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं उपटू नका.

प्रायमर ॲल्युमिनियमचाच घ्या, दुकानात एच (इंग्रजीत etch) प्रायमर मागितला की देतात. रेड ऑक्साइड हा लोखंडाचा, तो अलॉयवर मारला तर काही महिन्यांत पापुद्रे निघतात. डबा दोन मिनिटं हलवायचा, अगदी आतली गोळी खडखडत राहिली पाहिजे, २०-२५ सेंटीमीटरवरून मारायचं, आणि स्प्रे रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करायचा म्हणजे सुरुवातीचा जाड थेंब रिमवर पडत नाही. पहिला हात इतका पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. प्रायमर सुकल्यावर ८००ने हलकं घासून पुसा, मग रंगाचे तीन पातळ हात, मग क्लिअरचे दोन-तीन. एकच जाड हात मारला की ओघळ येणारच. सिल्व्हर रंगात थोडा फरक झाकला जातो, ग्लॉस ब्लॅकमध्ये सगळं उघडं पडतं, तेव्हा काळ्या रिमला वेळ जास्त धरा.

टू-के क्लिअर म्हणून जो डबा मिळतो, ज्यात खाली बटण दाबून हार्डनर मिसळतात, तो साध्या क्लिअरपेक्षा खूपच टिकाऊ असतो. पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसांना वाईट, कोविडमधला उरलेला एन-९५ त्याला पुरत नाही, गॅसच्या कार्ट्रिजवाला मास्क पाहिजे. तो नसेल तर साधा क्लिअर मारा. मुलं जवळ खेळत असतील तर कुठलाच मारू नका, थांबा.

अर्ध्या तासात हाताला सुकल्यासारखं वाटेल पण चाक दुसऱ्या दिवशी बसवा, आणि आठवडाभर प्रेशर वॉश नको. बसवताना नट एकाशेजारी एक टाईट करायचे नाहीत, समोरासमोरचे आवळत जायचे, आधी हाताने, मग गाडी खाली आल्यावर पूर्ण. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा, तो मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, तो आकडा टायरवाल्याला सांगून टॉर्क रेंचने लावून घ्या, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत तपासा. पान्यावर उभं राहून आवळायची सवय वाईट, त्याने स्टड ताणले जातात.

दुकानात द्यायची असेल तर

चारही रिम खरचटल्या असतील तर घरी बसून चार दिवस घालवण्यापेक्षा पावडर कोटिंग करून घेणं चांगलं. यात टायर उतरवून जुना रंग केमिकलने काढतात, पावडर मारतात आणि भट्टीत साधारण १८०-२०० अंशांना भाजतात. रंग कडक आणि एकसारखा येतो. तिथे दोन गोष्टी विचारा, टायर उतरवताना प्रेशर सेन्सर असेल तर तो आधी काढणार ना, आणि रंग काढल्यावर मला रिम दाखवाल का. उघड्या धातूवर बारीक चीर असेल तर ती तेव्हाच दिसते, पावडर बसली की दिसत नाही.

चिरेची शंका असेल तर जुन्या गॅरेजवाल्यांची एक रीत आहे, टायर उतरवलेल्या रिमच्या एका बाजूने रॉकेल लावायचं आणि दुसऱ्या बाजूला खडूची भुकटी फासायची, थोड्या वेळाने आरपार चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते.

चीर निघाली तर आर्गन वेल्डिंग करून देणारे सगळीकडे आहेत आणि वेल्डिंग दिसायला छानही करतात. पण अलॉयला ताकद येते ती उष्णता देऊन केलेल्या प्रक्रियेमुळे, आणि वेल्डिंगच्या आजूबाजूचा भाग त्या उष्णतेने परत मऊ पडतो. ज्या चाकावर घरची माणसं बसून घाट उतरणार आहेत ते वेल्ड केलेलं नको, एवढं माझं स्पष्ट मत आहे. एकच रिम बदला. नवीन महाग वाटत असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत चौकशी करा, सेटमधली सुटी रिम मिळू शकते. जाताना आपल्या रिमच्या मागच्या बाजूचा फोटो घेऊन जा, तिथे व्यास, रुंदी आणि ईटी म्हणजे ऑफसेट, रिम किती आत-बाहेर बसते तो आकडा, कोरलेला असतो. पीसीडी, म्हणजे नटची भोकं किती आणि ती किती मिलिमीटर व्यासाच्या गोलावर आहेत, तो पण जुळला पाहिजे, स्विफ्ट, आय-२०सारख्यांचा ४ × १००, क्रेटाचा ५ × ११४.३. आणि घेण्याआधी तिथेच बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघायची अट घाला, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात.

इन्शुरन्सचं थोडक्यात. नुसत्या चऱ्यासाठी क्लेम करू नका. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम १०,००० आहे आणि सध्या क्लेम न केल्याची सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, ३५ टक्के मिळतोय. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ४,५०० वाचतात. क्लेम केला की बोनस शून्य, परत २० पासून सुरुवात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० खिशातून जातातच, आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वेगळा. टायरचं तर असं आहे की नेहमीच्या पॉलिसीत एकटा टायर फुटला, फुगला तर काहीच मिळत नाही, त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे निम्मे. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन असतं, मोठ्या आणि बुटक्या टायरवाल्यांनी रिन्यूअलच्या वेळी त्याचा विचार करावा.

परत घासू नये म्हणून

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे आणि फुटपाथ डावीकडे, म्हणजे जे चाक सगळ्यात लांब आणि न दिसणारं तेच दगडाजवळ. अमेरिकेत असाल तर हेच उलटं धरा. आणि त्यातही जास्त मार खातं ते मागचं डावं, कारण वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापत जातं. स्विफ्टएवढ्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग कापलं तर मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा जवळजवळ तीन फूट आतून जातं. म्हणून सोसायटीच्या गेटमध्ये किंवा गल्लीत डावीकडे वळताना पुढचं चाक कोपरा सुखरूप पार करतं आणि मागून खर्रर्र येतं. उपाय हाच की कोपऱ्यावर पोचल्या पोचल्या वळायचं नाही, गाडी थोडी पुढे काढायची आणि उशिरा, जास्त कापून वळायचं.

पार्किंग करताना डावा आरसा खाली झुकवा, इतका की मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही दिसतील. रिव्हर्स टाकल्यावर आरसा आपोआप झुकणाऱ्या गाड्या आहेत, ती सोय असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, बऱ्याच जणांनी ती कधी बघितलेलीच नसते. पॅरलल पार्किंगला पुढच्या गाडीच्या शेजारी दोन-तीन फुटांवर, मागचे बंपर एका रेषेत आणून थांबा, डावीकडे पूर्ण कापून हळू मागे या, गाडी अर्धी तिरकी झाली की स्टिअरिंग सरळ, आणि आरशात मागच्या चाकापासून कड हातभर राहिली की उजवीकडे कापायला सुरुवात. शेवटी चाक आणि कड यात एक वीत अंतर हवं. चिकटून लावायची हौस नको, टायर रात्रभर दगडाला दाबून उभा राहणं साइडवॉलला चांगलं नसतं.

पुण्याच्या पेठांमध्ये सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याच्या या किंवा त्या बाजूला लावावी लागते, तिथे वन-वेला उजवीकडे लावायचा दिवस असेल तर काच खाली करून मान बाहेर काढली की कड सरळ दिसते, तो अंदाज डोळ्यात बसवून घ्या. डावीकडचा अंदाज घ्यायला एखाद्या रविवारी कोणाला तरी खाली उभं करा, गाडी कडेपासून बरोबर एक वीत लावा आणि सीटवर बसून बघा की कड बॉनेटच्या कुठल्या जागेवर, कुठल्या वायपरच्या रेषेत दिसते. तिथे आतून टेपचा छोटा तुकडा लावून ठेवा. सीटची उंची बदलली की खूण बदलते, घरात दोघं चालवत असाल तर दोन खुणा.

पावसात पाणी साठलं की कड दिसतच नाही. तेव्हा डावीकडे चार फूट सोडून चाला, पुढच्या गाडीचं चाक कुठून जातंय ते बघा. फुटपाथवर चाक चढवायची खरंच वेळ आली, ॲम्ब्युलन्सला वाट द्यायची वगैरे, तर घासत तिरकं चढू नका, जमेल तेवढं काटकोनात या, पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू, म्हणजे टायरचा मधला भाग दगडावर चढतो आणि रिम लागत नाही. आणि भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी घेताना, गोव्यात असो की परदेशात, चारही रिमचा व्हिडिओ काढून मगच चावी हातात घ्या.

उजव्या रिम खराब होतात त्या बहुतेक पेट्रोल पंपाच्या चौथऱ्याला आणि मॉलच्या तिकीट मशीनला. मशीनपाशी हात पुरावा म्हणून लोक गाडी कडेला चिकटवतात. हात पुरत नसेल तर गाडी लांबच थांबवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि दार उघडून तिकीट घ्या. मागचा हॉर्न मारेल, मारू दे.